जाळं न विणणारा कोळी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात पावसाळ्यात घरात शिरणाऱ्या किड्यांबद्दल लिहिलं होतं. त्यात उडी मारणाऱ्या कोळ्यावर जेमतेम दोन ओळी होत्या, आणि सगळ्यात जास्त पत्रं आली ती त्या दोन ओळींवर. कोल्हापूर शहरातून आली, तशीच कागल, आजरा, शिरोळकडूनही आली. त्यातले निवडक प्रश्न आणि उत्तरं इथे देत आहोत.

आमच्या हॉलच्या भिंतीवर करडा, चपटा कोळी असतो. खिडकीजवळ काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा एक दिसतो. जाळं मात्र कुठेच नाही. हे दोन्ही एकाच जातीचे का? — राजारामपुरी

दोन्ही उड्या मारणारेच, पण जाती वेगळ्या. या कुळाचं शास्त्रीय नाव साल्टिसिडी. कोळ्यांमधलं हे सगळ्यात मोठं कुळ आहे, जगभरात सहा हजारांहून जास्त जाती. आपल्याकडच्या घरांत मुख्यतः तीन भेटतात.

भिंतीवरचा करडा, चपटा तो मेनेमेरस बायव्हिटॅटस. लांबी साधारण ९ मिलिमीटर, अंगावर पांढुरकी लव. चपट्या अंगामुळे तो गिलाव्याच्या भेगेत आणि फोटोच्या चौकटीमागे सहज सरकतो. खिडकीतला काळा-पांढरा म्हणजे प्लेक्सिपस पायकुलीचा नर. डोक्यापासून पोटाच्या टोकापर्यंत मधोमध पांढरा पट्टा, दोन्ही कडांना पांढऱ्या रेघा आणि पोटाच्या मागच्या भागावर दोन पांढरे ठिपके. मादी तपकिरी-करडी आणि थोडी मोठी, १२ मिलिमीटरपर्यंत भरते. ते दोन ठिपके तिच्याही पोटावर असतात, म्हणून ओळख पटते. तिसरा हॅसॅरियस ॲडॅन्सोनी. हा त्या दोघांपेक्षा लहान. नर काळा, चेहऱ्यावर तांबूस छटा आणि पोटाच्या पुढच्या कडेला पांढरी चंद्रकोर. मोरीजवळ, कुंड्यांच्या आडोशाला, अंधाऱ्या कोपऱ्यात तो जास्त दिसतो.

जात ओळखता आली नाही तरी कुळ ओळखणं सोपं आहे. पाय आखूड, चेहरा समोरून सपाट आणि त्यावर गाडीच्या हेडलाइटसारखे दोन मोठे डोळे. चाल तुटक : चार पावलं पळायचं, थबकायचं, पुन्हा पळायचं. आणि तुम्ही जवळ गेलात की तो अख्खा वळून तुमच्याकडे तोंड करतो. घरातला दुसरा कुठलाही कोळी असं करत नाही.

तेच विचारायचं होतं. मी ओट्याच्या या टोकाहून त्या टोकाला गेले की तोही वळतो. खरंच बघतो, की हवेची हालचाल त्याला जाणवते? — कसबा बावडा

खरंच बघतो. पायावरच्या केसांना हवेची हालचाल जाणवते हेही खरं, पण तुमच्याकडे वळण्याचं काम डोळ्यांचं.

डोळे आठ, आणि त्यांनी कामं वाटून घेतलेली आहेत. समोरचे दोन मोठे सोडले, तर बाकीचे डोक्याच्या कडेने मागपर्यंत बसवलेले असतात. त्यांचं काम एकच : काही हललं का? ते जवळजवळ सगळीकडची दखल घेतात, त्यामुळे मागून येणारं बोटही त्याला कळतं. हालचाल टिपली की कोळी वळतो आणि समोरचे दोन मोठे डोळे त्या वस्तूवर आणतो. ती काय आहे हे ठरतं या दोन डोळ्यांनी. ते दुर्बिणीच्या नळीसारखे लांब आहेत. भिंग पुढे पक्कं बसवलेलं, आणि आतली नळी स्नायूंनी डावी-उजवीकडे, वर-खाली फिरते. दिसणारा तुकडा फार अरुंद असतो, म्हणून तो वस्तूवरून नजर फिरवत फिरवत तिचं चित्र जुळवतो : पाय किती, पंख आहेत का, आपल्याच जातीची मादी आहे का.

हे घरी बघता येतं. फिकट रंगाचा कोळी किंवा लहान पिल्लू शोधा, बाजूने मंद टॉर्च धरा आणि दहापट भिंगातून समोरच्या डोळ्यांकडे एकटक बघत राहा. काळाकुळकुळीत डोळा अचानक तपकिरी होतो आणि पुन्हा काळा होतो. नळी तुमच्याकडे रोखलेली असली की काळा, बाजूला फिरली की तपकिरी. तुम्ही त्याला न्याहाळता, तेव्हा तोही तुम्हाला न्याहाळत असतो, आणि ते असं प्रत्यक्ष दिसतं.

अंतर मोजायची त्याची रीत तर फारच वेगळी. डोळ्यामागच्या पडद्याचे एकामागे एक चार थर असतात. सगळ्यात आतल्या थरावर हिरव्या प्रकाशातली प्रतिमा स्पष्ट पडते आणि त्याच्या पुढच्या थरावर तीच प्रतिमा धूसर पडते. धूसरपणा किती, यावरून भक्ष्य किती लांब आहे हे तो ठरवतो. २०१२ मध्ये जपानी संशोधकांनी हे दाखवलं, तेही वर सांगितलेल्या हॅसॅरियसवर. हिरव्या उजेडात त्याची उडी नेमकी बसायची. नुसत्या लाल उजेडात तो आखूड उडी मारून भक्ष्याच्या अलीकडेच पडायचा. तुमच्या मोरीतल्या कोळ्याने विज्ञानाला केलेली ही मोठी मदत आहे.

एवढ्याशा पायांत उडीचं बळ येतं कुठून? आणि काचेवरून घसरत कसा नाही? — शाहूपुरी

आपला पाय वाकवायलाही स्नायू असतात आणि सरळ करायलाही. कोळ्याच्या पायाच्या दोन मुख्य सांध्यांत सरळ करणारे स्नायूच नसतात. तो पुढच्या धडातलं रक्त दाबाने पायात ढकलतो आणि पाय ताठ होतो. जेसीबीचा हात तेलाच्या दाबावर उचलला जातो, तसंच. उडी मारताना हा दाब क्षणात वाढतो आणि मागचे पाय, काही जातींत तिसरी जोडी तर काहींत चौथी, त्याला फेकतात. स्वतःच्या लांबीच्या पाचसहा पट अंतर तो सहज तोडतो. मेलेल्या कोळ्याचे पाय नेहमी पोटाशी मुडपलेले असतात ते याचमुळे : दाब गेला, आता फक्त वाकवणारे स्नायू उरले. जिवंत कोळ्याचे पाय तसे आत वळायला लागले आणि पोट सुरकुतलं, तर समजा त्याला पाणी मिळालेलं नाही.

उडीआधी तो पोटाचं टोक जमिनीला टेकवतो. भिंगातून हे नीट दिसतं. तिथे रेशमाचा एक ठिपका चिकटतो आणि उडी मारताना त्यातून धागा सुटत जातो. नेम चुकला तर तो धाग्याला लटकतो आणि वर चढून येतो. हवेत असताना अंग उलटंपालटं होऊ न द्यायलाही हाच धागा कामी येतो. म्हणजे रेशीम त्याच्याकडे आहे, फक्त तो त्याचं जाळं करत नाही.

काचेबद्दल : प्रत्येक पायाच्या टोकाला नख्यांखाली केसांचा गुच्छ असतो आणि प्रत्येक केसाचं टोक शेकडो अतिसूक्ष्म फाट्यांत उललेलं असतं. इतके फाटे काचेला टेकले की चिकटतात. काचेवर धूळ किंवा तेलकट वाफ बसली असेल तर पकड सुटते. म्हणून गॅसच्या ओट्यामागच्या फरशीवरून तो कधी कधी घसरतो, आणि थांबून पाय तोंडातून ओढून साफ करतो.

रंकाळ्याजवळ राहतो, डासांचा त्रास भयंकर. हे कोळी वाढवले तर डास कमी होतील का? — रंकाळा परिसर

डास तो खातो. दिवसा भिंतीवर, पडद्यावर बसलेला डास त्याच्या तावडीत सापडतो. दिव्याखाली येणारी चिलटं, छोटे पतंग, माश्या, झुरळांची पिल्लं हेही खातो. प्लेक्सिपस तर रात्री ट्यूबलाइटजवळ ठाण मांडून बसतो. पण भक्ष्य धरलं की तोंडातला पाचक रस आत सोडून ते पातळ करायचं आणि शोषायचं, याला त्याला बराच वेळ लागतो. पोट भरलं की तो शिकार थांबवतो. साठलेल्या पाण्यातून रोज शेकड्यांनी डास निघत असतील तर त्याच्या खाण्याने फरक पडणार नाही. टाकी, फ्रीजमागचा ट्रे, कुंड्यांखालच्या ताटल्या, गच्चीवरचे टायर आठवड्यातून एकदा कोरडे करणं हाच उपाय, आणि तो डेंग्यूसाठीही तेवढाच गरजेचा.

पूर्व आफ्रिकेत व्हिक्टोरिया सरोवराच्या परिसरात एव्हार्का क्युलिसिव्होरा नावाची जात आहे. ती रक्त प्यालेल्या डासाच्या मादीला पसंती देते. आपल्या घरातल्या जातींना अशी आवडनिवड नाही, समोर येईल ते त्या धरतात.

एक गोष्ट मात्र जरूर बघा. माशी भिंतीवर बसलेली असते आणि कोळी तिच्याकडे न जाता उलटा फोटोमागे निघून जातो. वाटतं, सोडून दिलं. मग थोड्या वेळाने तो फोटोच्या वरच्या कडेवर, माशीच्या बरोबर पाठीमागे, डोकं काढतो. वाटेत माशी त्याला दिसत नसते, तरी ती कुठे आहे हे तो लक्षात ठेवतो. मग अंग भिंतीला चिकटवून सरकतो. माशीने पाय चोळायला घेतले की एक पाऊल, ती थांबली की हाही थांबतो. दोनतीन सेंटिमीटरवर आला की मागचे पाय गोळा करतो, धागा टेकवतो आणि झेप घेतो. चावा बहुतेक डोक्यामागे बसतो.

सकाळी उठल्यावर मानेवर लाल पट्टा आणि फोड होते. घरचे म्हणतात कोळी मुतला. भिंतीवर हाच उड्या मारणारा कोळी होता, त्याला मारला. बरोबर केलं का? — मंगळवार पेठ

नाही, त्याचा यात काही दोष नव्हता. या एका गैरसमजापायी दर पावसाळ्यात कितीतरी कोळी चिरडले जातात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कोळी अंगावर लघवी करून फोड आणतो, हे खरं नाही. रात्रीत उठणारा असा लांबट, भाजल्यासारखा पट्टा बहुतेक वेळा पेडेरस नावाच्या भुंगेऱ्यामुळे येतो. लांबी ७ ते १० मिलिमीटर, अंग सडपातळ, नारिंगी आणि काळे पट्टे आलटून पालटून. पंखांची झाकणं आखूड, निळसर-हिरवी. चालताना शेपटाकडचा भाग मुंगळ्यासारखा वर उचलतो. ओलसर शेतांत, नदीकाठी तो राहतो आणि पावसाळ्यात दिव्याकडे येतो. पंचगंगेच्या काठची गावं, भाताची आणि उसाची शेतं, यामुळे आपल्याकडे तो भरपूर आहे. तो चावत नाही, डंखही मारत नाही. मानेवर बसला, झोपेत आपण हाताने रगडला, की त्याच्या अंगातला पेडेरिन नावाचा दाहक द्रव कातडीवर पसरतो. लगेच काही कळत नाही. एखाद्या दिवसाने लाली येते, मग आग होते, फोड येतात. हात फिरला त्या दिशेने पट्टा उमटतो. कोपराच्या आत लागला आणि हात दुमडला, तर समोरासमोर दोन डाग उठतात.

किडा अंगावर दिसला तर रगडू नका, फुंकर मारून उडवा किंवा कागदावर घेऊन झटका. चुकून चिरडला तर ती जागा लगेच साबण लावून भरपूर पाण्याने धुवा, हातही धुवा, नाहीतर तोच हात डोळ्याला लागतो. उशीचा अभ्रा आणि कपडे बदला. फोडांवर चुना, टूथपेस्ट, हळदीचा लेप असलं काही लावू नका. डोळ्याला लागलं, फोड पसरले किंवा पिकले, तर डॉक्टरकडे जा. झोपताना मच्छरदाणी लावा आणि पलंगावरचा दिवा आधी बंद करा.

आणखी एक. अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे फोड, त्याआधी दोनतीन दिवस तिथे ठणका, असं असेल तर ती नागीण असू शकते. त्यावरच्या गोळ्या फोड आल्यापासून तीन दिवसांच्या आत सुरू केल्या तर जास्त उपयोग होतो. कोळ्याला दोष देण्यात तो वेळ घालवू नका.

उडी मारणारा कोळी चावतच नाही असं नाही. मुठीत दाबला, कपड्यात अडकला तर चावू शकतो. टाचणी टोचल्याएवढं दुखतं, थोडी लाली येते आणि जाते. साबणाने धुणं पुरे.

दिवाळीची साफसफाई काढली आहे. खिडकीच्या कोपऱ्यात पांढऱ्या कापसासारखी छोटी पिशवी चिकटलेली आहे. सासूबाई म्हणतात काढू नको, आत जीव आहे. काय करू? — शिवाजी पेठ

सासूबाईंचं बरोबर आहे. तरी आधी ती पिशवी नक्की कशाची आहे ते बघा, कारण भिंतीवर चिकटणाऱ्या गोष्टी तीन प्रकारच्या असतात.

छताच्या कोपऱ्यात धूळ खात लोंबणारी जळमटं लांबपायी कोळ्यांची. ती केरसुणीने खुशाल काढा, उडी मारणाऱ्याचा त्यांच्याशी संबंध नाही. भिंतीवर काकडीच्या बीसारखी चपटी, करडी, दोन्ही टोकांना निमुळती पुडी हळूहळू सरकताना दिसली, तर ती एका पतंगाची अळी आहे. केस, लोकर, जुनी जळमटं यांवर ती जगते. तीही काढून टाका. आणि खिडकीच्या कोपऱ्यात, पडद्याच्या दांडीमागे, कॅलेंडरच्या मागे अंगठ्याच्या नखाएवढी, दाट विणीची, पांढरीशुभ्र, चपटी पिशवी असेल आणि तिला एक-दोन तोंडं असतील, तर ते उडी मारणाऱ्याचं घर.

हे घर तो रात्री झोपायला, कात टाकायला आणि मादी अंडी घालायला वापरते. प्लेक्सिपसची मादी एका वेळी ३५ ते ६० अंडी घालते, मेनेमेरसची २५ ते ४०. मादी पिशवीतच बसून राखण करते. पिल्लं बाहेर येऊन इकडेतिकडे पांगायला, हवेच्या उष्णतेप्रमाणे, साधारण दोन ते चार आठवडे लागतात.

म्हणून शक्य असेल तर तेवढा कोपरा महिनाभर सोडा. रंगकामच असेल तर असं करा. सकाळी लवकर, थंडाव्यात, पिशवीच्या तोंडावर पेला उपडा धरा. पिशवीच्या कडेखाली जुनं एटीएम कार्ड किंवा पोस्टकार्ड सपाट सरकवत ती भिंतीपासून सोडवा. वरून ओढू नका, रेशीम ताणलं की अंडी फुटतात. तशीच पेल्यासकट उचलून बाहेरच्या खिडकीच्या छज्जाखाली, पाऊस आणि थेट ऊन लागणार नाही अशा फटीत बसवा. मादी पळाली तर घाबरू नका, पिशवी जवळच ठेवली तर ती बऱ्याचदा परत येते.

झुरळांसाठी औषध फवारणार असाल तर लक्षात ठेवा, ते भिंतींवर मारलं तर कोळी आधी मरतात. ते दिवसभर त्याच भिंतीवरून चालतात आणि पाय तोंडातून साफ करतात. झुरळांसाठी जेलचे ठिपके ओट्याखाली, सिंकच्या मागे, बिजागऱ्यांत लावले तर काम होतं आणि भिंत वाचते.

नातवाला शाळेच्या प्रकल्पासाठी आठवडाभर कोळी पाळायचा आहे. बरणीत जगेल का? — ताराबाई पार्क

जगेल, पण बहुतेक मुलांचा कोळी तिसऱ्या दिवशी मरतो. कारणं ठरलेली : तहान, ऊन, आणि सारखं झाकण उघडणं.

एक लिटरची, रुंद तोंडाची पारदर्शक बरणी घ्या. प्लॅस्टिकच्या झाकणाला तापवलेल्या सुईने आतून बाहेर वीसेक भोकं पाडा, म्हणजे टोकदार कडा बाहेर राहतात. आता मुख्य गोष्ट : बरणी उलटी ठेवा, झाकण खाली. हा कोळी नेहमी सगळ्यात उंच जागी घर बांधतो. झाकण वर असेल तर घर झाकणाला लागतं, आणि दर वेळी उघडताना ते फाटतं. फाटलेलं घर पुन्हा विणण्यात त्याची ताकद जाते. आत एक वाळकी काटकी तिरपी ठेवा आणि एक-दोन वाळकी पानं टाका. माती नको, बुरशी येते.

पकडताना बोटाने चिमटू नका. पेला पालथा घाला, खालून कार्ड सरकवा, बरणीच्या तोंडावर आणून कार्ड काढा. एका बरणीत एकच कोळी ठेवायचा, दोन ठेवले तर एक उरतो.

पाणी रोज सकाळी, ड्रॉपरने किंवा बोटाने, बरणीच्या आतल्या बाजूला एकदोन थेंब. वाटी ठेवू नका, त्यात तो बुडू शकतो. खाणं दोनतीन दिवसांतून एकदा एक जिवंत माशी किंवा पतंग, आकाराने कोळ्याएवढा किंवा लहान. पिल्लासाठी पिकलेल्या केळ्याच्या सालीवर येणारी चिलटं चालतात. मुंग्या देऊ नका, त्या उलट त्यालाच चावतात. फवाऱ्याने मेलेला किंवा अर्धमेला किडा तर मुळीच नको. न खाल्लेला किडा दुसऱ्या दिवशी काढा. बरणी खिडकीजवळ पण सावलीत, कारण उन्हात बरणीचा भट्टीसारखा ताप होतो आणि कोळी अर्ध्या तासात संपतो.

कोळ्याने खाणं सोडलं आणि स्वतःला पिशवीत बंद करून घेतलं, तर तो आजारी नाही, कात टाकतोय. या काळात खाऊ घालू नका आणि बरणी हलवू नका. नवं अंग मऊ असतं, धक्का लागला तर पाय तुटतो. कोळी अजून वाढीत असेल तर तुटलेला पाय पुढच्या काती टाकताना पुन्हा येतो, आधी बारीक, मग पुरता.

नातवाला एक प्रयोग करू द्या. बरणीबाहेर छोटा आरसा काचेला लावून धरा. नर असेल तर स्वतःच्याच प्रतिबिंबाला दुसरा नर समजून पुढचे पाय उंचावतो, बाजूबाजूने सरकतो. दोन मिनिटं पुरे, तो दमतो. आणि आठवड्याने जिथून आणला तिथेच सोडा.

आजऱ्याजवळ झाडावर तांबडी मुंगी दिसली. बोट लावलं तर धाग्याला लटकली! मुंगी धागा काढते का? — आजरा

मुंगी धाग्याला लटकत नाही. तुम्हाला दिसला तो मिरमाप्लाटा प्लाटालिओइडिस, मुंगीचं सोंग घेणारा उडी मारणारा कोळी. पानं शिवून घरटं करणाऱ्या तांबड्या मुंग्यांच्या आसपास तो राहतो. त्या मुंग्या कडाडून चावतात म्हणून पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत, आणि या कोळ्याच्याही जात नाहीत.

पाय मोजा : आठ असतील, पण पुढचे दोन तो मुंगीच्या मिशांसारखे उचलून हलवतो. खऱ्या मुंगीच्या मिशा कोपरासारख्या मोडलेल्या असतात, याच्या नसतात. नराचे जबडे इतके लांब आणि पुढे आलेले असतात की मुंगी तोंडात दुसरी मुंगी धरून चालल्यासारखी वाटते. सोंग मुंगीचं असलं तरी तो मुंग्यांमध्ये मिसळत नाही. मुंगी जवळ आली की पानाच्या दुसऱ्या बाजूला सटकतो.

गोठ्याच्या तुळईवर मातीचं घरटं होतं. फोडलं तर आत दहाबारा कोळी निघाले, हलत नव्हते पण सुकलेलेही नव्हते. त्यात उड्या मारणारेही होते. — कागल

ते कुंभारणीचं घर. ही लांब, बारीक कमरेची गांधीलमाशी कोळ्यांना डंख मारून लुळं करते, मारत नाही. मातीच्या प्रत्येक खणात असे कोळी भरते, एका कोळ्यावर अंडं घालते आणि खण लिंपून टाकते. अंड्यातून निघालेली अळी हे ताजे कोळी खाऊन वाढते. उडी मारणाऱ्याची नजर कितीही तेज असली तरी कुंभारीण उडत येते. गोठ्याला या घरट्याचा काही त्रास नाही. कुंभारीण माणसाला सहसा डंख मारत नाही.

उसात हे कोळी दिसतात. फायद्याचे म्हणायचे का? — शिरोळ

फायद्याचे आहेत, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. उसाचा रस शोषणाऱ्या पाकोळी या किडीची पिल्लं, तुडतुडे, छोटे पतंग ते खातात. खोडात शिरलेल्या खोडकिड्याच्या अळीपर्यंत मात्र ते पोचत नाहीत. लोकरी माव्यावर तर मुख्य काम डिफा आणि मायक्रोमस या कीटकांच्या अळ्यांचं. कोळ्यांना टिकवायचं असेल तर तोडणीनंतर पाचट जाळू नका, सरीत आच्छादन म्हणून ठेवा. पाचटाच्या घड्यांत त्यांची घरं असतात. आणि कीड दिसायच्या आधीच सवयीने फवारणी करू नका. कीड किती आहे ते मोजून ठरवा.

तुकाराम ओंबळे यांचं नाव एका कोळ्याला दिलं आहे, हे खरं का? — गडहिंग्लज

खरं आहे. ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या उडी मारणाऱ्या कोळ्याच्या नव्या जातीला २०२१ मध्ये आयसियस तुकारामी हे नाव दिलं गेलं. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात रिकाम्या हातांनी दहशतवाद्याची बंदूक धरून ठेवणारे सहायक पोलीस उपनिरीक्षक ओंबळे सातारा जिल्ह्यातल्या केडंबे गावचे. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं.

रात्री हा कोळी खिडकीला एका धाग्यावर उलटा लटकलेला असतो. मेला आहे असं वाटून हात लावला तर हलला. — पन्हाळा

झोपलेला होता. काही जण पिशवीत झोपतात, काही असे धाग्याला लटकून. धाग्यावर असलं की मुंगी किंवा दुसरा कोळी त्याच्यापर्यंत सहज पोचत नाही, आणि धागा हलला की जाग येते. २०२२ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी एव्हार्का आर्क्युआटा या जातीच्या पिल्लांचं रात्रभर चित्रण केलं. पिल्लांचं अंग पारदर्शक असल्यामुळे डोळ्यांच्या नळ्या आतून दिसतात. झोपेत ठरावीक वेळाने त्या नळ्या हलायच्या आणि त्याच वेळी पाय आखडायचे, आपले डोळे स्वप्न पडताना बंद पापण्यांआड हलतात तसे. कोळ्याला स्वप्न पडतं असं त्या संशोधकांनी म्हटलेलं नाही.

तुमच्या खिडकीत पिल्लू लटकलेलं असेल तर लाल कागद लावलेल्या मंद टॉर्चने लांबूनच बघा. लाल उजेड त्याला फारसा जाणवत नाही. खिडकी मात्र तेवढी रात्र उघडू नका, धागा तुटतो.